गंगेचं पाणी लंकेला

नाशिक, जुलै. रात्रीचे साडेदहा.

दुपारपासून फोनवर एकच निरोप फिरतोय: गंगापूर धरणातून पाणी सोडलं. संध्याकाळी शेजारच्या काकू सांगून गेल्या, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलंय. गोदाकाठची ही मूर्ती म्हणजे आमची पूर मोजायची खूण. आईने ते ऐकलं, देवघरापाशी गेली आणि समईमागे ठेवलेली तांब्याची छोटी बाटली काढून पदराने पुसायला लागली. "चल, आता वेळ झाली."

त्या बाटलीत लंकेचं पाणी आहे. जानेवारीपासून.

ते दहा दिवस मी नीट कधी लिहूनच काढले नाहीत. परत आल्यावर ऑफिस, मग मार्चअखेर, मग उन्हाळा. आज लिहिते.

आई लग्न होऊन पंचवटीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता चौऱ्याहत्तर. काळारामाच्या मागच्या गल्लीत घर, चार पावलांवर सीतागुंफा, उतार उतरला की रामकुंड. तिच्यासाठी गोदावरी हे पुस्तकातलं नाव. तोंडात कायम "गंगेवर जाऊन येते". आणि एवढी वर्षं गंगेकाठी राहिलेल्या या बाईने सोमेश्वर सोडला तर एकही धबधबा पाहिला नव्हता. दुगारवाडी त्र्यंबकच्या पुढे, जव्हार रस्त्याला. पहिने त्याच भागात. बाबा दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या पावसाळ्यात नक्की." पावसाळ्यातच जायचं असतं ना आपल्याकडे, आणि पावसाळ्यात नेमकं काहीतरी निघायचं. आमच्या शाळा, कुणाचं आजारपण, घराची गळती. मी मोठी झाले, मैत्रिणींबरोबर दुगारवाडीची दरी उतरून आले, फोटो आणून आईला दाखवले. तिला घेऊन जावं हे मला सुचलं तेव्हा तिचे गुडघे गेले होते. बाबाही गेले होते.

ही बोच मनात होती म्हणून श्रीलंका. एका मैत्रिणीने सांगितलं होतं, तिकडे कितीतरी धबधबे गाडीत बसून दिसतात. आईला मी धबधब्यांचं बोललेच नाही. "सीतामाईला ठेवली होती ती अशोकवाटिका बघायची का?" एवढंच विचारलं. ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "पासपोर्टला फोटो कसा लागतो?"

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे एकटीच रामकुंडावर गेली आणि ही बाटली भरून आणली.

मुंबईहून कोलंबो अडीच तासांचं विमान. गाडी आणि ड्रायव्हर आधीच ठरवले होते. चाळिशीचा शांत माणूस. आईला त्याने पहिल्या क्षणापासून अम्मा म्हटलं आणि मला अक्का. मी चमकले. आमच्या थोरल्या आत्येला सगळं घर अक्काच म्हणायचं. सिंहलीतही थोरली बहीण म्हणजे अक्का. धाकट्या भावाला मल्ली म्हणतात हे त्याने शिकवलं, मग दहा दिवस तो आमचा मल्ली.

कँडीहून नुवारा एलियाचा घाट चढताना रांबोडाला पहिला धबधबा दिसला. मल्लीने गाडी बाजूला घेतली. आईने काच खाली केली आणि बाहेर बघत म्हणाली, "अगं, पण पौष चालू आहे."

तिचं आश्चर्य मला अगदी बरोबर वाटलं. आपल्या डोक्यात धबधबा म्हणजे आषाढ-श्रावण. नवरात्र संपलं की कडे कोरडे, नुसते काळे ओघळ उरतात. तिथे मात्र पावसाचे दोन मोसम. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा, आपलाच पाऊस. तो बेटाचा नैर्ऋत्य भाग आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतो. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरचा वळवासारखा गडगडाटी, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, जो पूर्वेच्या बाजूला पाणी देतो. मधोमध उंच डोंगर असल्यामुळे एका अंगाला ओढ लागते तेव्हा दुसरं अंग भरलेलं असतं. मी हे आईला आपल्या भाषेत सांगितलं: "त्यांच्याकडे दोनदा पावसाळा येतो." ती म्हणाली, "भाग्याचे."

नुवारा एलिया 1,800 मीटरच्या वर. आईने नाशिकच्या थंडीचा स्वेटर घातला, वर माझी शाल. दुसऱ्या दिवशी मल्ली आम्हाला तलवाकेलेकडे घेऊन गेला. चहाचे मळे, त्यांच्या मधून खाली उतरणारा सेंट क्लेअर धबधबा. 80 मीटर उंच आणि भलता रुंद, पायऱ्या-पायऱ्यांनी सांडणारा. समोरच्या रस्त्यावरून पूर्ण दिसतो. थोड्या अंतरावर डेव्हन, 97 मीटर, बारीक आणि सरळ.

सेंट क्लेअरपाशी मल्लीने जे सांगितलं ते अजून मनातून जात नाही. अप्पर कोत्मले नावाचा 150 मेगावॅटचा वीज प्रकल्प 2012 मध्ये सुरू झाला. त्याच्यासाठी या नदीचं पाणी वरच अडवून बोगद्यातून नेतात. धबधबा मरेल म्हणून लोकांनी मोठा विरोध केला होता. मग ठरलं की सूर्योदय ते सूर्यास्त थोडं पाणी धबधब्यासाठी सोडायचं. त्याने लहानपणी पाहिलेला धबधबा रात्रीही गर्जायचा. त्याच्या मुलीने तो तसा ऐकलेलाच नाही.

आई कठड्याला धरून उभी होती. "म्हणजे आपल्या सोमेश्वरासारखंच की," म्हणाली. खरंच. गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की सोमेश्वरचा धबधबा, आमचा दूधसागर, फेसाळतो, नाहीतर उघडे खडक आणि त्यांवर पोरं. वीज लागते, नाशिकला प्यायला पाणी लागतं, हे मला कळतं. तरी त्या क्षणी मला भरून आलं. जे आपणहून वाहत होतं त्याला आता कुणीतरी सोडावं लागतं.

मग मी विचारलं, हे पाणी पुढे कुठे जातं? ही कोत्मले ओया. ओया म्हणजे छोटी नदी. ती मिळते महावेली गंगेला.

"गंगा?" आईने लगेच विचारलं.

तिथे बऱ्याच मोठ्या नद्या गंगा. महावेली गंगा, केलानी गंगा, कळू गंगा. आईला एवढा आनंद झालेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आपण नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो तेव्हा बाहेरगावचे पाहुणे हटकून दुरुस्त करतात. इथे अख्खा देश आईच्या बाजूने होता. महावेली त्रिंकोमालीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते, आणि आपली गोदावरी 1,465 किलोमीटर चालून जाते तीही त्याच समुद्रात. हे सांगितलं तर म्हणाली, "भेटतात तर."

सीता एलिया नुवारा एलियापासून जवळच, बदुल्ल्याच्या रस्त्यावर. रंगीत गोपुरांचं दाक्षिणात्य वळणाचं देऊळ, शेजारून वाहणारा ओढा, काठच्या खडकावर हनुमंताच्या पावलांच्या म्हणून दाखवतात त्या खुणा. सीता इथे स्नान करायची अशी श्रद्धा. देवळात तमिळ कुटुंबं होती, आपल्याकडचे हिंदी बोलणारे यात्रेकरू होते. आईने दर्शन पटकन उरकलं. तिचं सगळं लक्ष पाण्याकडे. माझा हात धरून ओल्या दगडांवरून खाली उतरली, अंगठ्याने रेटून बाटलीचं झाकण फिरवलं आणि रामकुंडाचं पाणी धार धरून ओढ्यात सोडलं.

"एवढे दिवस इथे राहिली बाई," आई हळू आवाजात म्हणाली, "घरचं पाणी कुणी आणून दिलं असेल तिला?"

घरचं. पंचवटी तिचं घर होतं, पर्णकुटी होती. मी आयुष्यभर सीतागुंफेसमोरच्या वडाखालून शाळेत गेले, रांगेतल्या भाविकांना वाट दाखवली, पण तिथे कुणाचं तरी घर मोडलं होतं असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आईने रिकाम्या बाटलीत तिथलं पाणी भरून घेतलं. "हे गंगेला द्यायचं."

मग एल्ला. एल्ला म्हणजेच धबधबा, गावाचं नावच ते. तिथून सहाएक किलोमीटरवर वेल्लवायाच्या रस्त्याला अगदी लागून रावण एल्ला. उंची 25 मीटरच्या आसपास, पण पाणी रस्त्याच्या पुलाखालूनच जातं, तुषार थेट चेहऱ्यावर येतात. इथला खडक आपल्यापेक्षा वेगळा. आपला कातळ लाव्ह्याचा, थरावर थर, त्यामुळे पाणी काठावरून सरळ कोसळतं. इथला खडक त्याहून फार जुना, पृथ्वीच्या पोटात दाबला-तापला गेलेला. पाणी त्याच्या फुगीर अंगावरून घसरत, वळसे घेत, पसरत येतं. आईने गुडघ्यावर हात ठेवून तोंड वर केलं, डोळे मिटले आणि चष्म्यावर पाणी साचू दिलं. मी फोटो काढला नाही. तिचा दंड धरून उभी राहिले.

वरच्या कड्यात गुहा आहे, रावणाने सीतेला तिथे लपवलं होतं म्हणतात. शेकडो पायऱ्या, त्यामुळे जाणं नव्हतंच. आई म्हणाली, तिकडेही गुंफा, इकडेही गुंफा. मल्ली मात्र रावणाबद्दल आदराने बोलत होता. मोठा राजा, विद्वान, वैद्य. त्यांच्या देशाने 2019 मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहाचं नाव रावण-1 आहे. मला वाटलं आई काहीतरी बोलेल. तिने पर्समधून लाडू काढून त्याला दिला आणि म्हणाली, "त्यांच्या गावचा राजा आहे. त्यांनी मान द्यायचाच."

दियालुमा परतीच्या वाटेवर, 220 मीटर, खालून मान दुखेपर्यंत पाहिला. सर्वांत उंच बंबरकंद, 263 मीटर, तो राहिला. दुनहिंदाही राहिला, तिथे किलोमीटरभराच्या वर चालावं लागतं. धुरासारखे तुषार उडतात म्हणून ते नाव. आईने मला एकटीला जा म्हणून खूप आग्रह केला. मी गेले नाही. एकटीने बघितलेले धबधबे माझ्याकडे पुरेसे आहेत.

नाशिकला आल्यावर बाटली लगेच रामकुंडात रिकामी करायला आई तयार होईना. "आत्ता पाणी दमलेलं आहे. वाहतं होऊ दे." फेब्रुवारी गेला, मे गेला. रोज पूजेच्या वेळी बाटलीलाही एक फूल.

आज तिला घेऊन निघाले. मालेगाव स्टँडपासूनच गर्दी. घाटाच्या तोंडाशी दोर बांधलेला, पोलीस शिट्ट्या मारत लोकांना मागे सारत होते. लाल पाणी, त्यावर फांद्या, प्लास्टिक, कुणाची तरी टोपली. छोटी देवळं बुडालेली. आवाज मात्र असा, की बोलायला कानाशी तोंड न्यावं लागत होतं. आईने पोलीसदादाला विनवलं, बाटली दाखवली. त्याने हात जोडले, "आजी, आज नको. पाणी अजून वाढतंय." ती क्षणभर त्या पाण्याकडे बघत राहिली, मग बाटली पुन्हा पदराआड धरली.

घरी येताना माझ्या खांद्याला धरून चालत होती. वाड्याच्या दारात थांबून तिने विचारलं, "दुगारवाडीला वरून, दरी न उतरता, काही दिसतं का गं?"

बाटली समईमागे परत ठेवली आहे. पहाटे पाचला उठवायला सांगितलंय.