चोप वर गेल्यावर

दिवे घाट, जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, चांदोबाचा लिंब, फलटण... माउलींच्या पालखीबरोबरच्या आळंदी ते पंढरपूर वारीतलं सगळं एकात एक मिसळून गेलंय. कुठं कोणता वार होता ते सांगता येणार नाही. पण बरड ते नातेपुते ही वाट पावलापावलानं लक्षात आहे, कारण बरड सोडून दोन तास झाले नाहीत तोच उजवी टाच टेकवेना.

रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची जुनी वडाची झाडं गेली. आता खाली काँक्रीट आणि वर ऊन. आषाढ लागूनही थेंब नव्हता. धर्मपुरीच्या अलीकडं एका टँकरच्या सावलीला बसले आणि मोजा काढला. टाचेवर आवळ्याएवढा फोड आला होता, आत पाणी डुचमळत होतं. पिन काढून फोडणार, तेवढ्यात वरून आवाज आला, "फोडू नको गं बाई. फोडलास तर उद्या उभी नाही राहणार."

आमच्याच दिंडीतल्या होत्या. परभणीकडच्या एक मावशी. दिंडीत आम्ही अडीचशे माणसं, राहुट्या वेगळ्या, तोवर एक शब्द बोललो नव्हतो. डोक्यावरची तुळस दुसरीच्या हाती देऊन त्या समोर फतकल मारून बसल्या आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मला कसंतरीच झालं. आईच्या वयाची बाई, आणि तिच्या मांडीवर माझा मातीनं भरलेला पाय. ओढून घ्यायला लागले तर त्यांनी घोटा घट्ट धरला.

गळ्यातल्या बटव्यातून सुई काढली, काडी ओढून तिचं टोक तापवलं. पांढरा दोरा ओवला, खोबरेल तेलात बुडवला. फोडाच्या एका कडेनं सुई आत गेली आणि दुसऱ्या कडेनं बाहेर आली. दुखलं अजिबात नाही. दोन्हीकडं बोटबोटभर ठेवून दोरा तोडला. "आता पाणी दोऱ्यानं येतंय बघ, हळूहळू. कातडी राहू द्यायची. दोरा मी सांगेपर्यंत काढायचा नाही." वर स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. मी नमस्कार करायला वाकले, तर त्याच माझ्या पाया पडल्या. "माउली," म्हणाल्या आणि तुळस डोक्यावर घेऊन निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्यावर चिडले.

नातेपुत्याला मुक्कामी पोचलो, हरिपाठ उभा राहिला. हरिपाठ म्हणजे माझ्यासाठी माझे वडील. ते हरिपाठाला उभे राहिले की दारावर कोणीही येवो, मान वळत नसे. आजोबा गेल्याचा निरोप आला तेव्हाही शेवटचा अभंग झाल्यावरच त्यांनी टाळ खाली ठेवला होता. म्हणून हरिपाठात कोणी बोललं की मला राग येतो, आणि तो राग चुकीचा आहे असं मला अजूनही वाटत नाही. मावशी राहुटीच्या खांबापाशी उभ्या होत्या आणि फोनवर मोठ्यानं बोलत होत्या. फोन स्पीकरवर. सोयाबीनचं बी, दुकानदाराची उधारी, पाऊस नाही, म्हैस दूध देईना. पलीकडून मुलगा ओरडून उत्तर देत होता. टाळकऱ्यांची चाल दोनदा चुकली. विणेकरी आजोबांनी डोळे मिटून घेतले, पण बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत.

मी गेले आणि म्हटलं, "मावशी, हरिपाठ चाललाय. बाहेर जाऊन बोला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "लेकराशी बोलते मी," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पंगतीत समोर बसल्या तरी नजर वळवायच्या. टाचेत त्यांचा दोरा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी रिंगण झालं, माळशिरसच्या वाटेला लागलो. तो प्रकार घडला त्याच वाटेवर.

पाचसहा मुलंमुली होती. नवे कोरे पांढरे सदरे, कपाळावर गंध, हातात काठीला लावलेले फोन. एका दिवसासाठी आलेली. एका दिवसासाठी यायलाही माझी काही हरकत नाही, ज्याला जेवढं जमेल तेवढं त्यानं चालावं. पण ही मुलं सरळ दिंडीत शिरली. पताका, टाळकरी, मृदंग, वीणा, मागं तुळशी, ही ओळ मधेच तोडायची नसते. कोणी लिहून दिलेलं नाही, पण वारीत पहिल्याच दिवशी कळतं. ही मुलं टाळकरी आणि वीणा यांच्या मधून उलटी चालत फोन धरून होती. पावली रंगात आली होती. त्यातला एक टाळकऱ्यांना म्हणाला, "माउली, तेच परत एकदा करा ना, नीट आलं नाही."

भजन परत एकदा करा! कोणी उत्तर दिलं नाही. मग त्याला आजोबांच्या खांद्यावर हात टाकून फोटो हवा होता. तो वळला आणि त्याची काठी वीणेच्या भोपळ्यावर आदळली. आजोबांचा तोल गेला. पंचाहत्तरीचा माणूस. पडताना हात टेकला असता तर लागलं नसतं, पण त्यांचे दोन्ही हात वीणेला. त्यांनी वीणा छातीशी घेतली आणि गुडघ्यांवर पडले. गुडघा फुटला, धोतर रक्तानं भिजलं. वीणा जमिनीला लागली नाही. बाकीची मुलं घाबरून बाजूला झाली, पण एकाचा फोन तेव्हाही चालूच होता.

त्या रात्री आम्ही टाळ थांबवला नाही.

वारी केलेल्यांना कळेल. तळावर पालखी आली, सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या, टाळ टिपेला गेला. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला, "हो" अशी आरोळी आली, आणि लाखोंचा समाज एका क्षणात गप्प. साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास हा सोहळा दिंड्यांच्या शिस्तीत बांधला. आज रथापुढं 27 आणि मागं कितीतरी दिंड्या चालतात, त्यांना गप्प करायला ना पोलीस लागतो ना भोंगा. चोप वर गेला की बास. आणि त्या शांततेत फक्त त्याच दिंडीला टाळ वाजवत राहायची मुभा असते. जिची तक्रार आहे तिला.

आमचे चाळीस टाळ वाजत राहिले. एवढ्या माणसांत फक्त आमचेच. माझ्या अंगावर काटा आला, पोटात गोळाही आला. चोपदार गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आले. आमच्या दिंडीप्रमुखांनी आवाज न चढवता सांगितलं, वीणेला धक्का लागला, ओळीत कॅमेरेवाले शिरतात, त्यांना आवरा. चोपदारांनी ऐकून घेतलं, आजोबांचा गुडघा पाहिला, वाकून वीणेला हात लावला. उद्यापासून ओळीच्या कडेला सेवेकरी राहतील असा शब्द दिला. मग टाळ थांबले.

इतकी शांतता मी दुसरीकडं कुठं ऐकलेली नाही. लांब कुठंतरी घोडा फुरफुरला तेही ऐकू आलं. माझी नजर सहज मावशींकडं गेली. त्यांचा फोन दोन्ही मुठींत छातीशी धरलेला होता, बटण दाबून धरल्यासारखा. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

मग हरवलं-सापडलं पुकारलं. एक चष्मा, एक पिशवी, कोणाच्या तरी औषधाच्या गोळ्या. आरती झाली. आरतीत पुन्हा शेदोनशे फोन वर गेले आणि मला रडू आलं. रागानं की दमल्यामुळं, कोण जाणे. एवढं सांगून, एवढं ऐकून घेऊन, तरीही.

सेवेकरी दुसऱ्या दिवशी खरंच आले. वेळापूरपर्यंत ओळ नीट राहिली. आजोबा गुडघ्याला हळद लावून चालत होते, वीणा दुसऱ्याकडं द्या म्हटलं तरी देईनात.

भंडीशेगावला मी हौदावर पाय धूत होते. शेजारी कोणीतरी येऊन बसलं.

"दोरा हाय का अजून?"

"आहे. तुम्ही सांगितलं नव्हतं ना काढ म्हणून."

मावशींनी पाय ओढून घेतला, टाच दाबून पाहिली. फोड बसला होता, कातडी चिकटली होती. त्यांनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरून अलगद ओढलं. दोरा पिवळा पडला होता. तो त्यांनी हौदाच्या कडेला मातीत पुरला.

"काल रात्री पाऊस झाला म्हणे आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "हरिपाठ झाल्यावर फोन केला होता."

मी त्यांची तुळस उचलून त्यांच्या डोक्यावर दिली.