तुम्ही विचारलंत म्हणून: एक मोटर न्यायला दोन दिवस?

हमेशा विचारतात, ऑफिसातली नवी पोरं पण अन् परभणीचे मामा पण, की कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमधली, एका प्रोजेक्टातली मोटर दुसऱ्यात न्यायची तर कॉपी-पेस्ट मारायचं ना, दोन दिवस काय करून राहिला तू?

मामा, तुमच्याच विहिरीवरचं घ्या. 5 एचपीची काढून साडेसातची बसवली तेव्हा नुसती मोटर बदलली का? केबल जाड घेतली, स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (ठरवल्यापेक्षा जास्त करंट ओढला की मोटर बंद करतो तो) बदलला, कारण साडेसातची मोटर फुल लोडला 11 अँपिअरच्या आसपास ओढते अन् जुना रिले होता साडेसात अँपिअरला लावलेला. हा सगळा एक गट झाला.

वाळूजला मी पॅनलचं, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रिक कंट्रोलच्या पेटीचं, डिझाइन करतो, एकाच मशीनची दोन-तीन कॉन्फिगरेशनं असतात, गिऱ्हाईक तसं पॅनल. पहिल्या वर्षी मी मोटर अन् केबल हातानं नेली, रिलेचं सेटिंग राहिलं. ट्रायलला मशीनवर लोड दिला की दोन-चार मिनिटांत ट्रिप, पुन्हा चालू केलं की पुन्हा ट्रिप, अन् मी आपला मोटरीलाच शिव्या घालतोय.

म्हणून आता ग्राफ डेफिनिशन लिहितो. म्हणजे काय तर प्रत्येक वस्तू एक ठिपका, अन् कोणत्या बाणावरून पुढं जायचं ते आधीच सांगून ठेवायचं: मोटरपासून निघ, केबल घे, रिले घे, टर्मिनल घे, वायरिंगचं पान घे, इनकमरपाशी (पॅनलमध्ये सप्लाय येतो तो मेन स्विच) थांब. खरी अक्कल त्या ‘थांब’मध्ये आहे बरं का. एकदा ते लिहायचं राहिलं, तर मोटरीवरून इनकमर, इनकमरवरून बाकीचे सगळे फीडर (बाकीच्या मोटरींकडं जाणाऱ्या लाइनी), अन् एका मोटरीमागं अख्खं पॅनल वरातीसारखं दुसऱ्या प्रोजेक्टात येऊन बसलं!

गट नीट निवडला की मग मर्ज, म्हणजे दोन्ही प्रोजेक्टांतले बदल एकत्र करणं. तिथं दोन नाही, तीन प्रती बघायच्या, तिसरी म्हणजे दोघं वेगळे व्हायच्या आधीची बेसलाइन. एकाच बाजूनं बदल असेल तर तो गुपचूप घेतला जातो. दोन्हीकडं वेगवेगळा बदल असला की अडतं. परवाचंच, बेसलाइनला केबल अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, इकडं मोटर मोठी म्हणून 4 केली, तिकडं अंतर लांब म्हणून कुणीतरी आधीच 6 करून ठेवलेली. कॉम्प्युटर विचारतो, कोणती ठेवू? त्याला काय माहीत 6 का केली ते. मग ज्यानं केली त्याला फोन लावायचा, अन् मामा, दोन दिवसांतला दीड दिवस तो साइटवर असतो अन् फोन उचलत नाही.