आमची वाटचाल : सोलापूरच्या पाण्यात जगेल तेवढंच

अशोक चौकाच्या मागं वडिलांचे टॉवेलचे चार माग होते. धंदा बसला तसे दोन विकले आणि मोकळ्या झालेल्या जागेत मी सहा फिशटँक मांडले. "मासे विकून कुठं घर चालतंय का रे?" अप्पा रोज विचारायचे. उरलेले दोन माग सुरू झाले की टँकमधलं पाणी थरथरायचं आणि नवे मासे कोपऱ्यात जाऊन बसायचे.

टँकमध्ये पाण्याखाली वाढणाऱ्या जिवंत प्लांटकडं वळलो ते निव्वळ हौसेनं. पहिला मोठा माल मागवला, तोही मे महिन्यात! थर्माकोलचा खोका दुपारभर ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून राहिला. उघडला तर उकडलेल्या मेथीसारखा वास. रोटाला, कॅबोम्बा, सगळं बोटांत चिखल होऊन आलं. भरपाई एक रुपयाही मिळाली नाही.

पुढं थंडीत आलेला माल टिकला. पण एके दिवशी एक मॅडम पिशवी घेऊन आल्या. "तुमच्याकडं हिरवंगार असतंय, घरी नेलं की मरतंय. असं कसं?" पिशवीत आमचाच अनुबियास होता. त्याचं जाड आडवं खोड दाबून बघितलं तर मऊ, काळं, कुजकं. कुंडीत रोप लावावं तसं त्यांनी ते वाळूत गाडलं होतं. चूक त्यांची नव्हती. विकताना मी सांगितलंच नव्हतं. अनुबियास आणि जावा फर्न यांची मुळं वाळूत गेली तरी चालतात, खोड मात्र उघडंच राहायला हवं.

त्यानंतर हे दोन्ही प्लांट दगडाला बांधूनच द्यायचं ठरवलं. बांधायला काय? अप्पांनी मागावरचं सूत पुढं केलं. सुती धागा पाण्यात हळूहळू कुजून जातो, तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. अप्पांची ती विणकराची गाठ मला अजून नीट जमत नाही, त्यामुळं हे काम त्यांच्याकडंच आहे. मासे विकण्याबद्दल आता ते काही बोलत नाहीत.

आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. त्याचा एक फायदा असा की भरून ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. बोअरचं पाणी जड असतं, काचेवर पांढरा थर धरतं. त्यात वॅलिसनेरिया मजेत वाढते, म्हणून नव्या माणसाला आम्ही तीच देतो. क्रिप्टोकोरीन नेलात तर पहिल्या पंधरवड्यात पानं विरघळतील. उपटून फेकू नका, मुळं जिवंत असली तर नवी पानं येतात. लाइट ७-८ तास पुरे. रात्री टीव्ही संपेपर्यंत चालू ठेवलात तर शेवाळ येणारच.

उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला की टँकवर छोटा पंखा लावायचा. माठ गार राहतो तसंच हे. पाणी उडतं, क्षार मात्र मागं राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानं घाला.

एप्रिल-मेमध्ये आम्ही बाहेरून माल मागवत नाही. वॅलिसनेरियाची पिल्लं दुकानातल्याच टँकमध्ये तयार होतात. ती न्या, नाहीतर पावसाळ्यापर्यंत थांबा.