बालसेवेच्या अहवालातील एक वाक्य : माझा अनुभव

परदेशात स्थायिक होऊन आम्हांला दोन वर्षे झाली होती, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाच्या वाढत्या गैरहजेरीमुळे शाळेने आमचे प्रकरण तेथील बाल व कुटुंब सेवेकडे कळवले. पत्र हाती पडताच ओळखीच्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, की कमीत कमी बोला, नाहीतर मुलाला काढून घेतील. आम्ही तसेच वागलो आणि आमच्या गप्प राहण्याचा अर्थ लपवाछपवी असा लावला गेला.

पहिल्या भेटीत दुभाषी नव्हता. ज्याच्याविषयी बोलणे चालले होते तो आमचा मुलगाच भाषांतर करत होता. "याच्या काळजीने माझा जीव टांगणीला लागला आहे," असे मी म्हणाले. मुलाने शब्दाला शब्द ठेवून ते सांगितले, आणि आईच्या मनात गळफास घेण्याचे विचार येतात, अशी नोंद काही आठवड्यांनी मला अहवालात वाचावी लागली. आपल्यामुळे आईवर संकट आले, या विचाराने मुलगा कित्येक दिवस धड जेवला नाही. घरच्या मुलाकडून असे भाषांतर कोणीही करून घेऊ नये, हे मी तेव्हापासून प्रत्येक पालकाला कळकळीने सांगत आले आहे.

पुढे प्रकरण दुसऱ्या कार्यकर्तीकडे गेले. त्यांनी फोनवर व्यावसायिक दुभाषी घेतला आणि एकही प्रश्न विचारण्यापूर्वी आपण काय करू शकतो, कोणता निर्णय केवळ न्यायालयच देऊ शकते आणि आम्ही विश्वासाने सांगितले तरी कोणती गोष्ट वरिष्ठांना कळवणे त्यांना बंधनकारक आहे, हे सविस्तर सांगितले. "आम्ही मदतीसाठीच आलो आहोत," हे वाक्य आम्ही याआधी अनेकदा ऐकले होते, पण त्याने धीर आला नव्हता. त्यांच्या अधिकारांची मर्यादा स्पष्ट कळल्यावर मात्र आला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील बारावे कलम मुलाचे मत ऐकण्याविषयी आहे, तर अठरावे कलम संगोपनाची प्राथमिक जबाबदारी पालकांवर ठेवून त्यांना साहाय्य करण्याचे कर्तव्य शासनावर टाकते, हेही त्यांनीच समजावले. तोपर्यंत कायदा आमच्या विरोधातच उभा आहे, अशी माझी समजूत होती.

जुनी नोंद पुसता येत नव्हती. माझा लेखी खुलासा मात्र तिला जोडला गेला. मला ते अपुरे वाटते.

त्यानंतर कौटुंबिक बैठक झाली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात प्रथम स्वीकारलेल्या या पद्धतीत माहिती देऊन झाली की अधिकारी खोलीबाहेर जातात आणि कुटुंब आपसांत बोलून योजना ठरवते. आजोबा आणि आत्या व्हिडिओ कॉलवर होते. उच्चारांवरून वर्गात रोज चेष्टा होते, म्हणून शाळा नकोशी वाटते, हे मुलाने त्या अर्ध्या तासात आजोबांना सांगितले. आम्ही ते प्रथमच ऐकत होतो. योजनेतील पहिला मुद्दा त्यामुळे शाळेने करायच्या कामाचा ठरला.

पुढच्या महिन्यात आढावा बैठक आहे. दुभाष्याची मागणी मी आधीच लेखी कळवली आहे.