ओरखडे कार्पेटचे, फुगवटा पाण्याचा

नवं कार्पेट बसल्यावर स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीची, डागडुजी करायला मला बऱ्याचदा बोलावतात. या घरच्या ताईंचा आवाज फोनवरच चढलेला होता. "कार्पेटवाल्यांनी पट्ट्यांची पार वाट लावली आहे. त्यांचे उरलेले पैसे मी अडवून ठेवलेत. तुम्ही एकदा येऊन बघाच."

गेलो, बघितलं. तीन भिंतींना नेहमीचंच होतं. भिंतीच्या कडेनं खिळ्यांची दातेरी पट्टी ठोकतात. ती पट्टी आणि स्कर्टिंग यांच्यात साधारण ६ ते ८ मिलिमीटरची फट सोडतात, आणि कार्पेट ताणून त्याची कड त्या फटीत दाबतात. दाबायचं हत्यार बोथट पटाशीसारखं असतं, ते रंगाला घासतं. जादा कड छाटताना कटरचं पातंही लागतं. शिवाय जुनं कार्पेट जाड होतं आणि नवं पातळ, त्यामुळे खाली जुन्या रंगाची मळकट रेघ उघडी पडली होती. काम कितीही जपून केलं तरी एवढं होतंच. त्यासाठी कारागिराला धारेवर धरणं मला पटत नाही.

चौथी भिंत मात्र वेगळीच निघाली. स्कर्टिंगची खालची कड फुगली होती आणि रंगाला आडव्या चिरा पडल्या होत्या. नखानं दाबलं तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. स्कर्टिंग एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं होतं. हत्यार लागून एमडीएफला खोक पडेल, टवका उडेल. पण ते फुगतं फक्त पाण्यानं. मी बॅटरी लावून चिरा जवळून पाहिल्या. कित्येक चिरांच्या आत रंग उतरलेला होता. म्हणजे मागच्या रंगकामाच्या वेळी त्या चिरा तिथे होत्याच. नवं कार्पेट तर नुकतंच पडलं होतं!

"ताई, या भिंतीच्या मागे काय आहे?"

"बाथरूम."

त्यांना विचारून पकडीनं कार्पेटचा कोपरा उचलला. खालचं अस्तर ओलं होतं आणि दातेरी पट्टीच्या कोऱ्या खिळ्यांवर तांबूस गंज धरायला लागला होता. तेवढ्यावरच मी हात थांबवला. ओल तशीच असताना वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं ही घरमालकाची फसवणूक आहे, आणि ते काम मी करत नाही. प्लंबर आला. शॉवरच्या पाइपचा भिंतीतला जोड पाझरत होता.

ताईंनी पैशांचं विचारलं, तेव्हा जे दिसलं तेच सांगितलं: ओरखडे कार्पेटवाल्यांचे, फुगवटा पाण्याचा. त्यांनी माझ्यासमोरच कार्पेटवाल्यांना फोन लावला आणि पैसे देते म्हणाल्या.

चौथी भिंत वाळेपर्यंत बाकीच्या तीन उरकल्या. यात निम्मा वेळ कार्पेट सांभाळण्यातच जातो, आणि जायलाच हवा. कडेनं व्हॅक्यूम फिरवला. मग रुंद मास्किंग टेप कार्पेटवर लावून तिची कड पुट्टीच्या पात्यानं फटीत खाली ढकलली, म्हणजे कार्पेटचे तंतू दबून राहतात आणि ब्रशला लागत नाहीत. तेवढी एक फट जपली की काम साधलंच. जिथे एमडीएफ उघडं पडलं होतं तिथे आधी शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर लावला, कारण पाण्याच्या प्रायमरनं त्याचे तंतू उभे राहतात. मग लांबी, १२० नंबरचा सँडपेपर, त्यावर २४० चा. घासताना व्हॅक्यूमचं तोंड शेजारीच धरलं होतं.

ताई म्हणाल्या, "ओरखड्यांपुरता रंग लावला तर चालणार नाही का?" नाही चालत. जुना पांढरा एनॅमल पिवळा पडलेला असतो, त्यावर नव्या पांढऱ्याचे ठिपके ओरखड्यांपेक्षा जास्त डोळ्यांत भरतात. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पट्टी सलगच रंगवायची. रंग हाताला चिकटेनासा झाल्यावर कडेवर पातं हलकेच फिरवलं आणि टेप काढली. असं केलं नाही, तर टेपेबरोबर रंगाचा पापुद्राही निघून येतो.

फुगलेलं एमडीएफ वाळलं तरी पूर्ववत बसत नाही. म्हणून तेवढा तुकडा कापून टाकला. नव्या तुकड्याच्या खालच्या कडेलाही प्रायमर दिला. ही कड कुणाला दिसत नाही म्हणून सगळे ती कोरीच सोडतात, आणि पाणी नेमकं तिथूनच चढतं. सांधा ४५ अंशात तिरका घेतला. सरळ सांध्याची चीर पुढे उघडी पडते, तिरक्याची सहसा दिसून येत नाही. कार्पेट मागे दुमडलेलं होतं तोवरच रंगाचे दोन्ही हात मारून घेतले.

रंग पक्का वाळल्यावर कार्पेट पुन्हा ताणायला तेच कारागीर आले. खालचं भिजलेलं अस्तर आणि गंजलेली पट्टी त्यांनी बदलली. कड दाबायच्या वेळी मी माझा पातळ पत्रा पुढे केला. त्यातल्या मोठ्यानं तो स्कर्टिंगला लावून धरला, दुसऱ्यानं त्याच्या आडून हत्यार चालवलं, आणि पूर्ण भिंत झाली तरी रंगाला चरा पडला नाही. जाताना त्यांनी पत्र्याची जाडी विचारून घेतली.