बिभा चौधुरी यांच्यावरील नोंद लिहिताना

भौतिकशास्त्रज्ञांच्या एका चरित्रकोशासाठी बिभा चौधुरी यांच्यावरील नोंद लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा शब्दमर्यादेसोबत संपादकांची एक सूचनाही होती : नोबेल पारितोषिक हुकल्याचा भाग ठळकपणे यावा. सूचना अनपेक्षित नव्हती. चौधुरी यांच्याविषयी आज जे लिहिले जाते त्यातील बराचसा मजकूर याच एका प्रसंगाभोवती फिरतो : त्यांनी आधी वापरलेल्या पद्धतीनेच पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञाने नवा कण शोधला आणि नोबेल त्याला मिळाले; आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याने उचलल्यामुळे विशेषणेसुद्धा तीच ती येतात. म्हणून मी असे ठरवले की हे लेख काही काळ बाजूला ठेवायचे, आधी त्यांच्या शोधनिबंधांची कालानुक्रमे यादी करायची, आणि पदवी, नेमणुका व प्रवास हे तपशील त्या यादीच्या आधाराने लावून घ्यायचे.

यादी करणे वाटले तितके सरळ नव्हते. रोमन लिपीत त्यांचे आडनाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहिलेले नाही, त्यामुळे एका नावाने शोध घेतला की दुसऱ्या नावाखालचे निबंध निसटतात. शेवटी मी सहलेखकांवरून आणि विषयावरून शोध घेतला, तेव्हा चित्र भरत गेले. सुरुवातीचा भाग निर्विवाद आहे. जन्म १९१३ साली, कोलकात्यात. १९३६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील एम.एस्सी., त्या वर्गात त्या एकट्याच स्त्री. नंतर भौतिकशास्त्रज्ञ देबेंद्रमोहन बोस यांच्यासोबत संशोधन आणि बोस यांच्याबरोबरच कोलकात्यातील बोस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत प्रवेश.

सर्वाधिक वेळ मी १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधांवर घालवला, कारण ते पानभराचे असले तरी त्यांतील पद्धत नीट समजल्याशिवाय पुढचे काहीच जबाबदारीने लिहिता येणार नव्हते. बोस आणि चौधुरी यांनी फोटोग्राफीच्या प्लेट दार्जिलिंगला आणि सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील सांदकफूला दीर्घकाळ ठेवल्या. हवेचा थर जितका पातळ, तितके विश्वकिरणांतील, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान किरणांतील, कण अधिक संख्येने खाली पोहोचतात, म्हणून डोंगरावर जाणे भाग होते. विद्युतभारित कण प्लेटवरील इमल्शनमधून, म्हणजे प्रकाशसंवेदी थरातून, गेला की प्लेट धुतल्यावर त्याच्या वाटेवर चांदीचे सूक्ष्म कण रांगेने दिसतात. कण मंदावत जाईल तशी ही रांग दाट होते, आणि तो हलका असेल तर अणुकेंद्रकांमुळे त्याची वाट अधिक वेडीवाकडी होते. हा दाटपणा आणि हे वळणे, दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्यांनी कणाच्या वस्तुमानाचा अंदाज काढला. तो इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे २०० पट आला. त्या वेळी अशा कणाला मेसोट्रॉन म्हणत.

इथेच ‘नोबेल हुकले’ या वाक्याशी माझे मतभेद सुरू झाले. १९४७ मध्ये सेसिल पॉवेल यांच्या ब्रिस्टल येथील गटाने इमल्शनच्याच तंत्राने पायॉन हा नवा कण शोधला, त्याचे म्यूऑन या हलक्या कणात रूपांतर होताना दाखवले, आणि १९५० चे नोबेल पॉवेल यांना मिळाले. आज आपल्याला ठाऊक आहे की म्यूऑनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट आणि पायॉनचे सुमारे २७३ पट असते. म्हणजे कोलकात्यातील आकडा म्यूऑनच्या जवळचा होता, आणि म्यूऑन तर विश्वकिरणांत अँडरसन व नेडरमायर यांना १९३६ मध्येच सापडला होता. युद्धामुळे भारतात ‘फुल-टोन’ प्लेट मिळत नव्हत्या. बोस आणि चौधुरी यांना कमी संवेदनशील ‘हाफ-टोन’ प्लेटवर काम करावे लागले. तशा प्लेटवर पायॉन आणि म्यूऑन हे दोन कण वेगळे ओळखता येणे अवघड होते. पद्धत मात्र त्यांचीच आधीची होती, आणि पॉवेल यांनी नंतरच्या ग्रंथात १९४१ च्या त्या कामाची दखल घेतलेली आहे. मी हे सर्व संपादकांना सविस्तर लिहून कळवले. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते, ‘मग तसेच लिहा, पण वाचकाला समजेल असे लिहा.’ संपादकांकडून याहून अधिक काही मागण्याची पद्धत नाही.

पुढचा भाग वेगळ्या अर्थाने जड गेला. १९४५ मध्ये चौधुरी मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि विश्वकिरणांमुळे हवेत होणाऱ्या विस्तृत कणवर्षावांवर त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. म्हणजे प्लेट सोडून त्या गणित्रांच्या, म्हणजे कण मोजणाऱ्या उपकरणांच्या, तंत्राकडे वळल्या. संशोधकाच्या आयुष्यात हा बदल लहान नसतो, तरीही लोकप्रिय लेखांत त्याला एखादे वाक्य मिळाले तर मिळते. १९४९ मध्ये होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या रुजू झाल्या. तेथील त्या पहिल्या स्त्री संशोधक होत. १९५७ पर्यंत त्या तिथे होत्या. नंतर अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि कोलार सोन्याच्या खाणीतील प्रयोग. याच खाणीत १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म, सहसा कशातूनही आरपार जाणाऱ्या कणांची नोंद झाली, त्यामुळे तेही श्रेय चौधुरी यांच्या नावावर लिहिण्याचा मोह होतो. परंतु त्या निबंधाच्या लेखकांत त्यांचे नाव नाही, आणि मी ते जोडले नाही. उपेक्षित व्यक्तीला न केलेल्या कामाचे श्रेय दिल्याने तिने केलेले कामही संशयास्पद ठरते, असे मला वाटते.

अहमदाबादमधून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्या कोलकात्याला परतल्या. तेथील साहा इन्स्टिट्यूट या अणुकेंद्रकीय भौतिकशास्त्राच्या संस्थेतील संशोधकांबरोबर त्यांचे काम चालू राहिले. माझ्या यादीत सर्वांत अनपेक्षित गोष्ट हीच निघाली : १९९० मध्येही त्यांचा निबंध प्रसिद्ध झालेला आहे, आणि २ जून १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पहिल्या निबंधापासून शेवटच्यापर्यंत अर्धे शतक भरते. या काळात कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांचे पुस्तकरूप चरित्र प्रसिद्ध व्हायला २०१८ उजाडले.

नोंद पूर्ण झाली तेव्हा ती मर्यादेपेक्षा बरीच लांब होती. २०१९ मध्ये एचडी ८६०८१ या ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव देण्यात आले, त्याविषयी मी एक परिच्छेद लिहिला होता. कापायला तोच सर्वांत सोपा होता. त्या जागी निवृत्तीनंतरच्या निबंधांची सालवार यादी ठेवली आणि नोंद संपादकांकडे पाठवली.