वाढदिवस, नदीकाठ आणि पाच श्लोक

या वर्षीच्या वाढदिवशी मी पहाटेच घराबाहेर पडले आणि अंधार पडेपर्यंत नदीकाठी एकटीच राहिले. सोबत पाण्याची बाटली, एक सतरंजी, शांकरभाष्यासह गीतेची प्रत आणि ज्ञानेश्वरी, एवढेच होते. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला होता. हा बेत आदल्या रात्री आईला कळवला, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "कुणावर रागावली आहेस का गं?" प्रश्न साहजिक होता, कारण माणूस एकटे बसले की ते रुसले असणार, असा अर्थ पटकन लावला जातो. मी रागावले नव्हते. मला 42 वर्षे पूर्ण होत होती आणि गेली कित्येक वर्षे हा दिवस शुभेच्छांना उत्तरे देण्यातच संपत होता. त्या शुभेच्छांमागची माया खरी असते, तिच्याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकताना आज आपण आपल्याशी एक शब्दही बोललो नाही, ही रुखरुख दरवर्षी उरत असे.

पहिले दोन तास कठीण गेले. कोणी काय लिहिले असेल, कोणाला वाईट वाटले असेल, या विचाराने हात पुन्हा पुन्हा पिशवीकडे जात होता. मन शांत करण्याचा प्रयत्न मी शेवटी सोडून दिला आणि ज्या खडकावर बसले होते, त्याच्याकडेच पाहत राहिले. त्याच्या सावलीतल्या बाजूला दगडफुलाचे एक वर्तुळ होते. राखाडी हिरवा रंग, कातरलेल्या झालरीसारख्या कडा, मध्यभागी जरा काळवंडलेले. रुंदी माझ्या तळहाताएवढी, म्हणजे आठ सेंटीमीटरच्या आसपास. दगडफूल फार सावकाश वाढते. अनेक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पसरतात आणि काहींची वाढ तर एका मिलिमीटरहूनही कमी असते. वर्षाला एक मिलिमीटर धरला, तर मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत पोहोचायला त्याला चाळीस वर्षे लागली असणार, म्हणजे ते जवळजवळ माझ्याच वयाचे. इतक्या वर्षांत ते या खडकावरून कुठेही गेले नव्हते, आणि तरीही एक दिवस रिकामा गेला म्हणून त्याचे काही अडले असेल, असे वाटत नव्हते.

दगडफुलाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दिसायला ते एकच असते, पण मुळात तो दोघांचा संसार आहे. बुरशी त्याला शरीर देते आणि ओलावा धरून ठेवते; तिच्या आत राहणारे शैवाल उजेडापासून अन्न तयार करते. स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर यांनी 1867 मध्ये हे मांडले, तेव्हा त्या काळच्या बऱ्याच अभ्यासकांनी ते मानायला नकार दिला होता.

उन्हे वर आल्यावर झाडाखाली सतरंजी पसरली आणि गीतेचा तेरावा अध्याय उघडला. दिवसभरात मी त्यातले पाचच श्लोक वाचले, सातव्यापासून अकराव्यापर्यंत. आध्यात्मिक ग्रंथ पाने मोजत वाचू नयेत, असे माझे ठाम मत आहे. एका शब्दापाशी अर्धा तास थांबता येत नसेल, तर तो ग्रंथ त्या दिवशी मिटून ठेवावा. या पाच श्लोकांत ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत आणि त्यांतच 'विविक्तदेशसेवित्वमरतिर्जनसंसदि' हे शब्द येतात. विविक्त, म्हणजे एकांत, स्वच्छ, निर्भय जागा. अशा जागांची उदाहरणे देताना शंकराचार्य अरण्य आणि देवालय यांच्याबरोबर नदीचा वाळूचा काठही सांगतात आणि अशा ठिकाणी चित्त प्रसन्न होते, असे कारण देतात. ते वाचून मी समोर पाहिले आणि मनापासून हसू आले. 'अरतिर्जनसंसदि' याचा अर्थ मात्र मी आजवर माणसांचा कंटाळा असाच घेत आले होते. आचार्य तसे म्हणत नाहीत. संस्कारहीन, उद्धट लोकांच्या घोळक्यात मन न रमणे, एवढेच त्यांना अभिप्रेत आहे. सुसंस्कृत, नम्र माणसांची संगत ज्ञानाला उपकारकच असते, असे ते मुद्दाम सांगतात. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले.

याच पाच श्लोकांवर ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, किती विस्ताराने लिहिले आहे! तेरावा अध्याय अकराशेहून अधिक ओव्यांचा आहे आणि त्यातला मोठा वाटा या लक्षणांना मिळाला आहे. त्यातले थोडेसेच मी वाचू शकले, कारण दुपारनंतर माझे मन दुसऱ्याच शब्दावर अडकले होते. जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतले दुःख आणि दोष वारंवार पाहणे, हेही त्या यादीतले एक लक्षण आहे. त्या क्रमात जन्म पहिला आहे. वाढदिवसाच्या दिवशीच हे समोर यावे, याने मी अंतर्मुख झाले. जन्मात दोष कोणता, तर गर्भवास आणि योनिद्वारातून बाहेर पडणे, असे भाष्य सांगते. मी ते दोनतीनदा वाचले. जन्मणाऱ्याचे दुःख त्यात आहे. पण त्याच घटका दुसऱ्या बाजूने सोसणारीही कोणी असते. 42 वर्षे हा दिवस मी माझा म्हणून साजरा करत आले आणि त्या रात्री तिचे काय झाले, हे एकदाही विचारले नव्हते.

सूर्य मावळताना पिशवीच्या तळातून फोन काढला आणि साचलेले निरोप न उघडता आईला लावला.

"आई, किती वेळ लागला होता गं?"

"कशाला?"

"मी व्हायला."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "आदल्या दिवशी दुपारपासून कळा सुरू झाल्या होत्या," आणि सावकाश सगळे सांगू लागली. समोरचे पाणी अंधारात दिसेनासे झाले, तरी मी तिथेच बसून ऐकत होते.